श्वास मोजायला विद्यापीठ कशाला?

मागच्या उन्हाळ्यात मुरुमला माझ्या भाच्याचं लग्न होतं. जेवायला बसले तर शेजारी लांबच्या नात्यातल्या एक खाला. वय ऐंशीच्या पुढं, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. कुणीतरी त्यांना सांगितलं की ही शमीम नर्सिंग कॉलेजातून रिटायर झाली. खालांनी बिर्याणीचा घास हातातच धरला आणि माझ्याकडं बघत विचारलं, "क्या गे शमीम, नर्स होने कू बी कालेज रहता?"

"रहता, खाला. चार साल का. युनिव्हर्सिटी की डिग्री मिलती."

"सुई मारने कू चार साल?"

आजूबाजूच्या सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. म्हटलं, सुई मारायला चार दिवस पुरतात, ती कधी मारायची नाही हे कळायला चार वर्षं लागतात. उत्तर माझं मलाच फार आवडलं. खालांना पटलं नाही. त्यांनी घास तोंडात घातला आणि पलीकडच्या बाईकडं नवरीच्या दागिन्यांची चौकशी सुरू केली.

खालांवर रागवायचा मला हक्क नाही. नोकरीची पहिली अठरा वर्षं मी त्यांच्याच बाजूची होते. नर्सला विद्यापीठ कशाला, हा प्रश्न मी स्वतः वॉर्डात, चहाच्या टेबलावर आणि एकदा तर मेट्रन मॅडमसमोर विचारलेला आहे. त्या बाजूवरून या बाजूला मी कशी आले, तेवढंच इथं सांगायचं आहे. सगळी नोकरी सांगत बसले तर अंकात दुसऱ्या कुणाला जागा उरणार नाही.

अब्बांचं मुरुमच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर अम्मीनं डोक्याला हात लावला. "लोगां क्या बोलेंगे" हे वाक्य तिनं आठ दिवस तरी म्हटलं असेल. नवव्या दिवशी अब्बांनी माझं माप घेतलं आणि पांढरा युनिफॉर्म शिवायला घेतला. घरातला वाद तिथंच संपला. युनिफॉर्म इतका चोख होता की हॉस्टेलच्या वॉर्डन बाईंनी शिंप्याचा पत्ता मागितला.

आमच्या वेळचं शिक्षण म्हणजे साडेतीन वर्षांचा डिप्लोमा. नाव शिक्षण, पण आम्ही होतो रुग्णालयाचे बिनबोभाट हात. गॉज कापायचं, बेडपॅन द्यायचं, सिरिंज उकळायच्या, चादरींचे कोपरे दुमडायचे. ट्यूटर बाई रजेवर नसल्या आणि वॉर्डात गर्दी नसली की तास व्हायचा. डॉक्टर सांगतील ते करायचं आणि "येस सर" म्हणायचं. "का" हा शब्द आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. पण हात मात्र असा बसला की अंधारातही शीर सापडायची. त्या हाताचा मला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो अजूनही आहे.

पुढं मी जिल्ह्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात हाडांच्या वॉर्डाची इन-चार्ज झाले. चाळीस खाटा. मोडलेले हात, मोडलेले पाय, आणि त्यांच्यासोबत आलेले न मोडणारे नातेवाईक. उमरग्याकडचे एक गृहस्थ रोज भांडायचे, "आमच्या पेशंटला पांढरी सलाईन का? पलीकडच्याला पिवळी लावली!" पिवळ्या बाटलीत ताकद जास्त असते, असा आपल्याकडं पक्का समज आहे. मी त्यांना सांगायचे, "पिवळी संपली." रोज संपलेली असायची. प्रश्न मिटला, काम पुढं.

अशात रुग्णालयाच्या गावातच नर्सिंगचं डिग्री कॉलेज निघालं. बारावी सायन्सनंतर चार वर्षं, विद्यापीठाचा अभ्यासक्रम, विद्यापीठाची परीक्षा. त्यांच्या मुली शिकायला आमच्या वॉर्डात यायला लागल्या. प्रत्येकीच्या खांद्याला पिशवी, पिशवीत जाड पुस्तक, आणि तोंडात प्रश्न. हे औषध याच वेळेला का? याला उशी अशीच का? एकीनं त्या उमरग्याच्या गृहस्थांना खाली बसवून अर्धा तास पिवळ्या-पांढऱ्या बाटलीचा फरक समजावला. मी लांबून बघत होते आणि मनात म्हणत होते, एवढ्या वेळात माझ्या सहा ड्रेसिंग झाल्या असत्या. दुसऱ्या दिवशीपासून ते गृहस्थ भांडायचे थांबले, ही गोष्ट तेव्हा मी सोयीस्करपणे लक्षात घेतली नाही.

आम्ही त्यांना 'पुस्तकी पोरी' म्हणायचो. सगळ्यात जास्त हसायचो ते त्यांच्या 'नर्सिंग डायग्नोसिस'ला. निदान करायचं डॉक्टरनं. हाड कुठं मोडलं ते डॉक्टर लिहितो. मग नर्सनं काय निदान करायचं? आज मी हे बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगू शकते. डॉक्टर लिहितो, 'मांडीचं हाड मोडलं.' नर्स लिहिते, 'या माणसाला कुशीवर वळता येत नाही, म्हणून याची पाठ सोलू शकते, याच्या छातीत कफ साचू शकतो.' पहिलं निदान हाडाचं, दुसरं त्या माणसाच्या पुढच्या पंधरा दिवसांचं. पण तेव्हा मला ते कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, "एवढं तर आम्हाला न लिहितासुद्धा कळतं."

या पोरींत एक होती मनीषा. कळंबची. वडील तिथल्या आडत बाजारात मापाडी, म्हणजे शेतकऱ्याचं धान्य काट्यावर मोजून देणारे. मुलगी हुशार, पण कमालीची हळू. बोलणं हळू, लिहिणं हळू, काम तर विचारूच नका. बाकीच्या मुली दहा पेशंट उरकायच्या तेव्हा ही चौथ्यापाशी. मी तिला सगळ्यांसमोर म्हणायचे, "मनीषा, हा काय कळंबचा आडत बाजार आहे का? किती मोजत बसतीस?" पोरी खिदळायच्या. ती खाली बघून, "जी सिस्टर," म्हणायची आणि पुन्हा तितक्याच हळू मोजायची.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ती एकदा नापास झाली होती. वेळेत काम पूर्ण झालं नाही, एवढंच कारण. तिच्या वॉर्डच्या शेऱ्यात मीच लिहिलं होतं, 'कामाचा वेग फार कमी.' आता दुसरी खेप होती. वडिलांनी तिला सांगितलं होतं की याखेपेला झालं तर झालं, नाहीतर घरी ये. आल्यावर काय करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. हे सगळं मला तिच्या कॉलेजच्या बाईंनी परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, सोपे पेशंट द्या हो."

प्रॅक्टिकल परीक्षा म्हणजे काय, ते सांगते. सकाळी आठला मुली वॉर्डात येतात. चिठ्ठी उचलून प्रत्येकीला एक पेशंट मिळतो. त्या पेशंटला तपासायचं, त्याची सेवा करायची आणि एका मोठ्या कागदावर पाच रकाने भरायचे. काय आढळलं, नर्सचं निदान काय, काय करणार, काय केलं आणि त्याचा काय उपयोग झाला. साडेअकराला परीक्षक खाटेपाशी येऊन तोंडी विचारतात. एक परीक्षक कॉलेजच्या, एक बाहेरगावच्या. बाहेरगावच्या बाईंची मुलींना केवढी धास्ती असते, ते परीक्षा दिलेल्यालाच ठाऊक.

पेशंटची यादी इन-चार्ज देते. मी अगदी निवडून निवडून शांत, स्थिर पेशंट दिले. त्यात अणदूरचे काशिनाथमामा होते. सत्तरीचे, कडब्याच्या गंजीवरून पडून मांडीचं हाड मोडलेले, पायाला वजन टांगून पंधरा दिवस उताणे पडलेले. स्वभावानं इतके गोड की सगळ्या वॉर्डाला खंडोबाच्या जत्रेचं निमंत्रण देऊन झालं होतं. मनीषाला त्यांचीच चिठ्ठी आली. तिच्या मैत्रिणी हेव्यानं तिच्याकडं बघत होत्या. मला मनातून बरं वाटलं.

आता आमच्या धंद्यातली एक लाजिरवाणी गोष्ट. प्रत्येक खाटेच्या पायाशी एक कागद लटकवलेला असतो. त्यावर दिवसातून चारदा ताप, नाडी आणि श्वास लिहायचा. ताप बघायला थर्मामीटर लावावाच लागतो. नाडीला निदान मनगट तरी धरावं लागतं. श्वास मोजायचा तर छातीकडं बघत पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि तेही पेशंटला न कळू देता. कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, बोटं तशीच ठेवायची आणि डोळ्यांनी छाती मोजायची. शिकताना हे सगळ्या शिकतात. नोकरीला लागल्या की सगळ्या 'वीस' लिहितात. निरोगी माणसाचा श्वास मिनिटाला साधारण तेवढाच असतो, त्यामुळं चुकलं तरी फारसं चुकत नाही, हा हिशेब. आमच्या वॉर्डातली चाळीस माणसं वर्षानुवर्षं एका तालात श्वास घेत होती.

परीक्षेच्या दिवशी तर वॉर्ड नीटनेटका दिसायला हवा. बाहेरच्या बाई येणार म्हणून मी आठ वाजता टेबलाशी बसून सगळे कागद भरले. ताप आणि नाडी पहाटेच्या नोंदीवरून थोडं इकडं-तिकडं करून. श्वास वीस. खाली सही. काशिनाथमामांच्या कागदावरही.

साडेआठला मनीषा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सिस्टर, मामांचा श्वास अडतीस आहे."

"घाबरलीस होय? पुन्हा मोज."

"दोनदा मोजला, सिस्टर. आठ वीसला आणि आत्ता. पूर्ण मिनिट."

"अगं, आठ वाजता वीस होता. कागदावर बघ की."

ती म्हणाली, "बघितला. कुणी मोजला होता, सिस्टर?"

तिच्या आवाजात जराही खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे त्या व्यक्तीला विचारता आलं असतं. मी मात्र भडकले. "तू परीक्षा द्यायला आलीस का माझी घ्यायला? जा, पेपर लिही. मागच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना?"

ती हलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर मान वर करून उभी होती. "पत्ता सांगताना ते दोनदा थांबले, सिस्टर. अणदूर म्हटलं आणि थांबले. मग तालुका म्हटलं, परत थांबले, मग तुळजापूर म्हणाले. तुम्ही एकदा चला."

मी उठले ती तिला खोटं पाडायलाच. मामा नेहमीसारखे हसले. मी म्हटलं, "काय मामा, कसं काय?"

"लई झकास... सिस्टरबाई. जरा... दम लागतुया. पण ते काय... वयाचंच की. ह्या पोरीला... उगं घोर."

"रातच्याला लागत होता का दम?"

"व्हय. पण तुमी... कामात. कशाला... तरास द्यायचा?"

त्यांच्या नाकपुड्या फुलत होत्या. मी मनगट धरलं, छातीकडं बघितलं आणि मोजायला लागले. अर्ध्या मिनिटात वीस झाले, तसं मनगट सोडलं आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरकडं धावले.

पुढचा तास धावपळीचा. मनीषानं पेपर तिथंच खाटेवर टाकला. उशा लावून मामांना पायाचं वजन न हलवता जितकं वर करता येईल तितकं वर केलं, मी ऑक्सिजन लावला, ती डॉक्टरांना ऑपरेशन थिएटरच्या दारातून घेऊन आली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया धरला होता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर अवघड होतं. मामांना अतिदक्षता विभागात हलवलं. त्यांची खाट रिकामी झाली आणि मनीषा त्या रिकाम्या खाटेशेजारी स्टुलावर बसून पेपर लिहायला लागली. नेहमीच्याच वेगानं.

साडेअकराला परीक्षक बाई आल्या. शिडशिडीत, पांढरे केस, बोलणं मोजकं. बरोबर कॉलेजच्या बाई आणि मेट्रन मॅडम. मनीषाच्या कागदावर पाचातले दोनच रकाने भरलेले. परीक्षक बाईंनी तिचा कागद एका हातात घेतला आणि धावपळीत खाटेलाच लटकत राहिलेला मामांचा कागद दुसऱ्या हातात.

"आठ वीसला श्वास अडतीस, असं तू लिहिलंयस. रुग्णालयाच्या कागदावर आठ वाजता वीस आहे. वीस मिनिटांत वीसचा अडतीस झाला?"

मनीषानं पेनाला टोपण लावलं.

"की पेशंट बिघडल्यावर तू मागाहून आकडा घातलास? तू आधी एकदा नापास झाली आहेस, हे मला माहीत आहे. परीक्षेत खोटी नोंद केली तर काय होतं, ते तुला ठाऊक असेल."

मनीषाचे कान लाल झाले. खरं बोलायचं तर तिला माझ्याकडं बोट दाखवावं लागलं असतं, आणि ते काही ती करणार नव्हती. कॉलेजच्या बाईंचा चेहरा उतरला. परीक्षक बाई माझ्याकडं वळल्या. "इन-चार्ज, ही सही तुमची?"

"हो."

"आठचा श्वास तुम्ही स्वतः मोजलात?"

मेट्रन मॅडम माझ्याकडं बघत होत्या. अठरा वर्षांत माझ्याविरुद्ध कागदाचं एक चिटोरं नव्हतं. फक्त "हो" म्हणायचं होतं. माझ्या "हो"ला त्या वॉर्डात कुणी आव्हान देणार नव्हतं, आणि मनीषाचं काय झालं असतं तेही मला स्पष्ट दिसत होतं. ती कळंबच्या एस.टी.त बसून घरी गेली असती, खोटं लिहिलं म्हणून. मामांसाठी जिनं पेपर टाकून दिला, तीच खोटी ठरली असती आणि मी खरी. मला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती.

"नाही मॅडम. मोजला नव्हता," मी म्हटलं. "आम्ही इथं कुणीच मोजत नाही. वीस लिहितो."

आमच्या नोंदींचा एक नियम आहे. चूक झाली तर खोडायचं नाही, खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई तर मुळीच लावायची नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. बाजूला बरोबर ते लिहायचं, वेळ टाकायची, सही करायची. मी परीक्षक बाईंच्या हातातून कागद मागून घेतला. माझ्या विसावर एक रेघ मारली. बाजूला काय लिहावं ते क्षणभर सुचेना. बाकी सगळ्या नोंदी इंग्रजीत असतात, पण मी मराठीतच लिहिलं, 'मोजला नव्हता.' वेळ टाकली, सही केली आणि कागद परत दिला.

परीक्षक बाईंनी तो वाचला. मग स्टूल ओढून मनीषासमोर बसल्या. "तीन रकाने राहिलेत. तोंडी सांग. सावकाश सांग, मला घाई नाही."

मनीषा पाऊण तास बोलली. बाकीच्या मुलींची तोंडी परीक्षा लांबली, सगळ्यांना भुका लागल्या, कुणी चकार शब्द काढला नाही. मी औषधांच्या कपाटाआड उभी राहून ऐकत होते. मामांना उताणं ठेवल्यानं कफ कसा साचला, पहिल्या आठवड्यापासून त्यांच्याकडून खोल श्वासाचा व्यायाम कसा करून घ्यायला हवा होता, हे ती सांगत होती. तिचं एकेक वाक्य मी अठरा वर्षांत करायला हवं होतं असं काहीतरी होतं.

ती पास झाली. फार मार्कांनी नाही, पण झाली. मामाही तीन आठवड्यांनी आधी छातीतून आणि मग कधीतरी पायातून बरे झाले. जाताना मला विचारलं, "ती मोजणारी डाक्टरीणबाई कुठं हाय?" मी सांगितलं की ती डॉक्टर नाही, नर्स आहे. तर म्हणाले, "आसं? मग तुमी बी तसंच मोजत जावा की." वॉर्डातले सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

पण माझं पुढं हसण्यासारखं नव्हतं. मला मेमो आला. सहकारी नर्सा पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण "आम्ही कुणीच मोजत नाही" असं म्हणून मी सगळ्यांनाच उघडं पाडलं होतं. त्यांचा राग योग्यच होता. आणि खरा त्रास तर वेगळाच होता. मी अठरा वर्षांत किती वेळा 'वीस' लिहिलं, आणि त्यांतल्या कुणाचा श्वास अडतीस होता, ते मला कधीच कळणार नाही. यावर काही उपाय नाही. तो विचार अजूनही अधूनमधून येतो आणि आला की दिवस वाईट जातो.

मग मी सगळ्यांचे श्वास मोजायचं ठरवलं. दोन दिवस मोजले. तेव्हा लक्षात आलं की चाळीस पेशंट म्हणजे चाळीस मिनिटं, फक्त श्वासाला. चार वेळा मोजायचे तर दिवसाचे दोन तास चाळीस मिनिटं. पाळीला नर्सा दोन. बाकीचं काम कुणी करायचं? मेमोच्या उत्तरात मी चूक कबूल केली आणि खाली हा सगळा हिशेब मांडला. आळस आमचा आहे, पण आळसाला जागा कुणी करून दिली तेही बघावं, असं काहीसं लिहिलं.

मेट्रन मॅडमनी मला बोलावलं. मला वाटलं, आता दुसरा मेमो. त्यांनी माझं उत्तर टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "शमीम, मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण लिहिलंय भांडणासारखं. हे असं वरती कुणी वाचणार नाही. पुरावा कसा मांडायचा, ते शिकून या." आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून दिला. डिप्लोमावाल्या नर्सांना दोन वर्षांत विद्यापीठाची पदवी घेता येते, त्या कोर्सचा.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी फॉर्म वाचला. ते एस.टी.त कंडक्टर होते. "या वयात कॉलेज? पोरगी दहावीला, आई पहिल्या वर्षाला?"

"मग काय, सोबत अभ्यास करू."

"अर्धं तिकीट लागेल का तुला, विद्यार्थिनी म्हणून?" एवढं बोलून त्यांनी स्वतःच फॉर्मवर माझा फोटो चिकटवला.

मंजुरी, सुट्टी, नंबर लागणं, यात तीन वर्षं गेली. एकेचाळिसाव्या वर्षी मी चष्मा लावून वर्गात जाऊन बसले. बाकं लहान मुलांची वाटावीत इतकी अरुंद. पहिल्याच तासाला दारातून एक बाई आत आल्या. हातात हजेरीचं रजिस्टर, केसांचा नीट अंबाडा. मनीषा.

ती मला बघून दारातच थबकली. सगळा वर्ग उभा राहिला. मीही उभी राहिले आणि सगळ्यांबरोबर म्हटलं, "गुड मॉर्निंग, मॅडम." तिच्या तोंडून "सिस्टर, तुम्ही बसा हो," असं निघालंच. मी बसले नाही. तिनं बाकीच्यांना बसायला सांगितलं तेव्हाच बसले.

तिचं शिकवणं तिच्यासारखंच, हळू. पण सुटायचं काही नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं आमचे पहिले केअर प्लॅन, म्हणजे तेच पाच रकाने, तपासून परत दिले. माझ्या शेजारच्या चार वर्षं नोकरी झालेल्या मुलीला आठ. मला दहापैकी सहा. एकवीस वर्षं वॉर्डात घासलेली मी, आणि सहा! तास संपला तशी मी तिच्या खोलीत गेले.

"मॅडम, सहा?"

तिनं माझी वही उघडली. "इथं तुम्ही शेवटच्या रकान्यात लिहिलंय, 'पेशंट आता बरा आहे.' कशावरून, सिस्टर?"

"अगं, बघितलं की कळतं. एकवीस वर्षं बघतेय मी."

"तुम्हाला कळतं, हे मला माहीत आहे. पण तुम्ही ड्यूटी संपवून घरी गेलात की पुढच्या नर्सला कसं कळणार? तिच्याजवळ फक्त हा कागद."

मग जे बोलू नये तेच तोंडातून गेलं. "मनीषा, तुझ्या परीक्षेच्या दिवशी मी—" आणि मी जीभ चावली.

तिनं वहीवरून नजर उचलली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असता, तर मी आज इथं नसते. तुम्ही जे खरं ते सांगितलंत, स्वतःचं नुकसान करून. मी रोज तुमची आठवण काढते, सिस्टर." तिनं लाल पेनाचं टोपण काढलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. "आता तुम्हीच सांगा. किती लिहू?"

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. माझं ते शेवटच्या रकान्यातलं वाक्य वाचलं.

"सहाच राहू द्या, मॅडम," मी म्हटलं.